सहिष्णुतेचे उपकार नकोत!

दिवाळीत फराळाच्या ताटांबरोबर घरोघर एक वाक्यही फिरत असते. करंजीचा तुकडा मोडता मोडता कोणी तरी वडीलधारे म्हणतात, "काही म्हणा, आपला समाज मुळातच मोठा सहिष्णु!" बाकीचे माना डोलावतात, चिवड्याची बशी पुढे सरकते आणि विषय संपतो. मला या वाक्याची चीड आहे. सणासुदीच्या अंकात ती बोलून दाखवीत आहे, तरी वाचकांनी राग मानू नये. चकलीसारखा एखादा तिखट पदार्थ ताटात असावाच लागतो.

सहिष्णु हा शब्द 'सह्' या धातूपासून आला. सह् म्हणजे सोसणे. आपण ऊन सोसतो, दाढदुखी सोसतो, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची आदळआपट सोसतो. 'आम्ही तुम्हांला सोसतो' असे शेजाऱ्याला तोंडावर सांगणारा माणूस स्वतःला उदार म्हणवतो, आणि शेजाऱ्याने त्याबद्दल उपकार मानावेत अशी वर अपेक्षाही धरतो! दाढदुखीने कधी कुणाचे आभार मानले आहेत काय?

नुसत्या फराळाच्या गप्पांत हा शब्द राहता तर मी लेखणी उचलली नसती. पण नवी राज्ये जन्माला येतात तेव्हा हाच शब्द घटनेच्या दारात येऊन बसतो. त्याच्या पाठीशी एक युक्तिवाद असतो आणि तो वरवर पाहता अगदी शहाणपणाचा वाटतो. नवे राज्य म्हणजे ओली भिंत. तिला टेकू हवा. भाषा अनेक, प्रांत अनेक, पोटात भूक, सरहद्दीवर धाकधूक. अशा वेळी लोकांना एकत्र बांधणारी एकच दोरी हाताशी असते, ती म्हणजे बहुसंख्यांचा धर्म. तो घटनेच्या माथ्यावर लिहा, म्हणजे राज्याला स्थैर्य येईल. आणि त्याच्याच खाली इतरांना अभय द्या, म्हणजे न्यायही होईल. सुव्यवस्थाही साधली आणि उदारताही साधली!

हा युक्तिवाद करणारे सगळेच लुच्चे असतात असे मी म्हणत नाही. तसे असते तर काम फार सोपे होते. तो भल्या माणसांनी, खऱ्या कळकळीने केलेला आहे, आणि त्याचे पुढे काय झाले हे पाहायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. कराचीपर्यंत गेले तरी पुरते.

११ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटनासमितीपुढे जिनासाहेबांनी भाषण केले. तुम्ही मंदिरात जा, मशिदीत जा, तुमच्या धर्माशी राज्याला कर्तव्य नाही, अशा अर्थाचे ते भाषण प्रसिद्धच आहे. त्याच्या आदल्या दिवशी त्या समितीच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्षपद ज्यांनी भूषविले ते होते जोगेंद्रनाथ मंडल, बंगालमधील दलितांचे पुढारी. महाराष्ट्राने हे नाव विसरू नये. १९४६ साली डॉ. आंबेडकर बंगालमधून भारताच्या घटनासमितीवर निवडून गेले, त्यामागे या मंडलांची खटपट होती. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले. बहुसंख्यांच्या शब्दावर त्यांनी विश्वास टाकला होता.

जिनासाहेब सप्टेंबर १९४८ मध्ये वारले. ७ मार्च १९४९ रोजी पंतप्रधान लियाकत अलीखान यांनी घटनासमितीपुढे 'उद्दिष्टांचा ठराव' मांडला. विश्वावरील सार्वभौमत्व एकट्या परमेश्वराचे असून त्याने ते लोकांच्या द्वारा पाकिस्तानच्या राज्याकडे सोपविले आहे, त्याने घालून दिलेल्या मर्यादेत ते वापरायचे आहे, अशी ठरावाची सुरुवात. पुढे म्हटले होते की, मुसलमानांना इस्लामच्या शिकवणुकीप्रमाणे जीवन जगण्यास समर्थ केले जाईल. आणि अल्पसंख्यांनी आपापला धर्म मोकळेपणाने पाळावा यासाठी पुरेशी तरतूद करण्यात येईल.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. राज्यशास्त्रातले मला फार कळत नाही. पण वीसेक वर्षे मुलांना व्याकरण शिकवीत आहे, त्यामुळे वाक्य दिसले की कर्ता शोधायची खोड जडली आहे. 'तरतूद करण्यात येईल.' कोण करणार? पुरेशी म्हणजे किती, आणि पुरली की नाही हे कोणी ठरवायचे? वाक्यात कर्ता नाही! तो लपलेला आहे, पण आहे. देणारा बहुसंख्य आणि घेणारा अल्पसंख्य. ज्याच्यासाठी तरतूद व्हायची तो त्या वाक्यात नुसता हात पसरून उभा आहे.

हे कराचीतल्या विरोधी बाकांवरच्या लोकांना तेव्हाच दिसले होते. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय, भूपेंद्रकुमार दत्त ही पूर्व बंगालची मंडळी, जुन्या काँग्रेसच्या मुशीतली. राज्यकारभाराचा आधार धर्मश्रद्धा ठेवलीत, तर तो आधार ज्यांचा नाही ते आपोआपच दुय्यम नागरिक होतात, असे त्यांनी परोपरीने सांगितले. हा आवाज जिनांचा नाही, हा उलेमांचा आवाज आहे, असे चट्टोपाध्याय म्हणाले. उद्या एखादा महत्त्वाकांक्षी पुरुष उठेल आणि याच ठरावाचा आधार घेऊन 'मला देवानेच राज्य दिले' असे सांगेल, असाही इशारा त्या बाकांवरून दिला गेला. उत्तर काय मिळाले? उत्तर हे की, आमचा धर्म मुळातच सहिष्णु आहे, इतिहास उघडून पाहा, तुम्हांला भय धरण्याचे कारण नाही!

म्हणजे तेच वाक्य. आपल्याकडे करंजीबरोबर येते, तिथे शेवयांच्या खिरीबरोबर येत असेल.

या उत्तरात लबाडी होती असे मला वाटत नाही. बोलणाऱ्यांचा त्यावर विश्वास असावा. परंतु प्रश्न वेगळाच होता. तुमचा धर्म सहिष्णु आहे की नाही, हे कोणी विचारलेच नव्हते. तुम्ही सहिष्णु राहिला नाहीत, तर आम्ही कोणत्या दारावर दाद मागायची, हे विचारले होते. त्याला उत्तर नव्हते. अल्पसंख्य सभासदांनी सुचविलेली एकही दुरुस्ती न स्वीकारता १२ मार्च १९४९ रोजी ठराव मंजूर झाला.

आता कादंबरीकार म्हणून एक गोष्ट सांगतो. असा प्रसंग मी रचला असता, तर टीकाकारांनी 'ओढूनताणून आणलेला योगायोग' म्हणून हिणवले असते. या ठरावाच्या बाजूने घटनासमितीत ज्यांनी भाषण केले त्यांत परराष्ट्रमंत्री सर जाफरुल्लाखान होते. मोठे कायदेपंडित. धर्माने अहमदी, म्हणजे स्वतःला मुसलमान मानणाऱ्या एका लहान पंथाचे. बहुसंख्यांच्या बाकावर बसून त्यांनी अल्पसंख्यांना दिलासा दिला. चार वर्षांनी, १९५३ च्या आरंभी, पंजाबात दंगे उसळले. मागण्या कोणत्या? अहमदियांना बिगर-मुसलमान ठरवा, आणि जाफरुल्लाखानांना मंत्रिपदावरून काढा! ६ मार्चला लाहोरमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. ज्या ठरावाने राज्याला स्थैर्य यायचे होते, त्याला चार वर्षेही पुरी झाली नव्हती.

दंग्यांच्या चौकशीस न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी बसले. त्यांचा १९५४ चा अहवाल म्हणजे या विषयावरचा एक जागता दस्तऐवज आहे. त्यांनी एकामागून एक मोठमोठ्या उलेमांना विचारले, मुसलमान कोणाला म्हणावे ते सांगा. विद्वानांपैकी कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. एकाची व्याख्या धरावी, तर बाकीच्यांच्या मते आपण काफर ठरतो, असे न्यायमूर्तींना लिहावे लागले. बहुसंख्यांचा धर्म राज्याच्या हाती दिला की राज्यापुढे पहिले काम हेच येऊन पडते: बहुसंख्य कोण, हे ठरविण्याचे. मग कुंपण आत आत सरकू लागते. आधी हिंदू बाहेर, मग अहमदी बाहेर. ७ सप्टेंबर १९७४ रोजी घटनादुरुस्ती होऊन अहमदियांना कायद्याने मुसलमानांतून वगळण्यात आले. १९७७ साली जनरल झिया सत्तेवर आले, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या विरोधी बाकावरचा इशारा ज्यांच्या लक्षात होता त्यांना तो आठवला असेल.

आणि जोगेंद्रनाथ मंडल? पूर्व बंगालमध्ये हिंदूंवर, त्यांत त्यांच्याच नामशूद्र बांधवांवर, अत्याचार झाले. त्यानंतर ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी लियाकत अलींना लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला आणि ते कलकत्त्यास परतले. पंतप्रधानांची सहिष्णुता खरी होती की खोटी, याचा निकाल लावायची त्या माणसाला सवड कुठली?

इथवर वाचून काही वाचकांना बरे वाटले असेल. 'ते तसेच! आपण वेगळे!' थांबा. आपण वेगळे झालो हे खरे. पण आपण वेगळे का झालो हे पाहिल्यावाचून पाठ थोपटून घेऊ नका.

त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, दिल्लीच्या घटनासमितीत सरनाम्यावर चर्चा चालू होती. हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली की सरनाम्याचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने' असा व्हावा. कामत काही संकुचित वृत्तीचे नव्हते. आय.सी.एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा निधड्या छातीचा माणूस. त्यांचा ईश्वर कोणा एका धर्माचा नव्हता, सर्वांचाच होता. अशी निरुपद्रवी दुरुस्ती! तिला हरकत घेणार कोण?

हरकत घेतली ती श्रद्धावंतांनीच. पंडित हृदयनाथ कुंझरू म्हणाले की, सरनाम्यात आपण श्रद्धेचे आणि उपासनेचे स्वातंत्र्य देत आहोत, आणि त्याच्याच माथ्यावर एक श्रद्धा सर्वांच्या नावाने घालीत आहोत, हे विसंगत आहे. थाणू पिळ्ळे म्हणाले की, मी आस्तिक असलो तरी ही श्रद्धेच्या बाबतीतली सक्ती होईल. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवले की देवाला मतदानात ओढू नका. आणि आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी तर बहारच केली. आम्ही कामरूपचे, कामाख्येचे भक्त, शक्तीचे उपासक. देवाचे नाव घालता तर देवीला का वगळता, असा त्यांचा सवाल! सभागृह हसले असेल. पण त्या विनोदात मुनीर-अहवालाचा सगळा अर्थ पाच वर्षे आधीच येऊन गेला होता. सर्वांचा म्हणून जो ईश्वर आणावा, तो आणताक्षणी कोणाचा तरी होतो आणि कोणाचा तरी राहत नाही.

कामतांनी मतविभागणी मागितली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. आपला सरनामा 'आम्ही' या शब्दाने सुरू होतो तो या ६८ हातांमुळे. सत्तावीस मतांचे, एवढेच अंतर! सत्तावीस माणसे म्हणजे एका लग्नाची पहिली पंगतसुद्धा भरत नाही.

यापुढे घटनेचे २५ वे कलम पाहा. तिथे धर्मस्वातंत्र्याच्या वाक्याचा कर्ता कोण आहे? 'सर्व व्यक्ती.' त्या सारख्याच हक्कदार आहेत, असे ते वाक्य म्हणते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. पण ही मर्यादाही सर्वांना सारखीच. देणारा आणि घेणारा अशी जोडी या वाक्यात नाही. मला घटनेतले सगळे कळते असा दावा नाही, पण हे व्याकरण कळते. आणि म्हणूनच 'निधर्मी राज्य' हा एके काळी मराठीत चाललेला शब्द मला कधी आवडला नाही. ज्याला धर्मच नाही तो निधर्मी. इथे तर काळजी प्रत्येकाच्या धर्माची घेतली होती.

"पण मास्तर," कोणी म्हणेल, "हे ६८ हात तरी कुठून आले? आपल्या सहिष्णु परंपरेतूनच ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सापडलास!' असा भाव असतो. माझे उत्तर पंढरपूरचे आहे.

विठोबाइतका उदार देव जगात दुसरा नसेल. त्याच्या भक्तांत सगळ्या जाती. शतकानुशतके कीर्तनांतून समतेचा घोष चालला. सहिष्णुतेचा पुरावा हवा तर याहून मोठा कोणता? आणि तरीही चोखोबांच्या वंशजांना मंदिराच्या पायरीपुढे जाता येत नव्हते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. देश स्वतंत्र व्हायला उणेपुरे साडेतीन महिने उरले होते. त्याआधी नाशिकला काळारामाच्या दारात, २ मार्च १९३० पासून, आंबेडकरांच्या अनुयायांनी पाच वर्षे सत्याग्रह केला. दार उघडले नाही. त्या दारामागे जे उभे होते त्यांना तुम्ही विचारले असते तर तेही म्हणाले असते, आम्ही सहिष्णु आहोत, आमचा कोणाशी दावा नाही! मन उदार, दार बंद. शेवटी मुंबई इलाख्याला १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा करावा लागला आणि घटनेला अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम घालावे लागले. आपल्या घरातल्या माणसाला ज्या परंपरेची उदारता पुरी पडली नाही, ती परक्याला पुरी पडेल असे कोणत्या तोंडाने सांगता?

ते ६८ हात परंपरेतून आले असतील, नसतील. पण ते वर करणाऱ्यांत असे पुष्कळ होते की ज्यांनी परंपरेच्या शब्दावर विसंबून राहायला नकार दिला.

आणखी एक उदाहरण, थोडक्यात. इंडोनेशियात जून १९४५ मध्ये घटनेच्या प्रस्तावनेचा मसुदा झाला. त्यात मुसलमानांवर इस्लामी कायदा पाळण्याचे बंधन घालणारे सात शब्द होते. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य पुकारले गेले, आणि त्याच संध्याकाळी हात्तांकडे निरोप आला की पूर्वेकडच्या बेटांतले ख्रिस्ती अशा राज्यात राहायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी ते सात शब्द गेले. पाहा, सुव्यवस्था कशाने राखली गेली! शब्द घालून नव्हे, शब्द गाळून. अर्थात तिथेही 'एकमेव ईश्वरावर श्रद्धा' हे तत्त्व राहिलेच, आणि बालीच्या हिंदूंना पुढे बरीच वर्षे सरकारदरबारी खटपट करून आपलाही धर्म एकेश्वरी असल्याचे पटवून द्यावे लागले. तेहतीस कोटी देवांना एका अर्जात बसवायचे म्हणजे काय दगदग झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ज्यांना हे सगळे फार जुने वाटते, आणि 'घटनेतल्या एकदोन शब्दांनी काय होते?' असे जे म्हणतात, त्यांच्यासाठी पुन्हा कराचीच्या ठरावाकडे येतो. १९८५ साली जनरल झियांच्या राजवटीत तो ठराव पाकिस्तानच्या घटनेचा प्रत्यक्ष भाग करण्यात आला आणि त्याची प्रत घटनेला जोडली गेली. मूळ ठरावात अल्पसंख्यांनी आपला धर्म 'मोकळेपणाने' पाळावा असे होते, हे वर सांगितलेच आहे. जोडलेल्या प्रतीत तो 'मोकळेपणाने' हा शब्द नव्हता. धर्म पाळण्यासाठी तरतूद राहिली, मोकळेपणा गेला. शाळेतल्या पोराने शुद्धलेखनाची वही उतरवताना एखादा शब्द गाळावा, तसा तो गळला होता. एवढेच की इथे वही राज्याची होती. अठराव्या घटनादुरुस्तीने तो शब्द २०१० साली परत घालण्यात आला. मधली पंचवीस वर्षे तो नव्हता.

त्याच काळात, १९९६ साली, त्या देशाचे पदार्थविज्ञानातले नोबेल पारितोषिक विजेते अब्दुस सलाम वारले. ते अहमदी होते. रबव्याला त्यांच्या थडग्यावर 'पहिले मुसलमान नोबेल विजेते' अशा अर्थाचा लेख होता. त्यातला 'मुसलमान' हा शब्द खोडून टाकण्यात आला. दगडावर आता राहिलेल्या शब्दांचा अर्थ 'पहिले नोबेल विजेते' असा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटावे की त्यांच्या आधी जगात कोणाला ते पारितोषिक मिळालेच नव्हते.